मोडलेल्याच्या शेजारी

नाशिकला पंचवटीत, गोदाकाठी नारोशंकराचं देऊळ आहे. रामकुंडावर गेलेल्या बहुतेकांनी ते पाहिलेलं असतं. पण तिथे टांगलेली ती भलीमोठी घंटा किती जणांनी नीट निरखून पाहिली असेल, कुणास ठाऊक. गोदेला पूर आला की "पाणी कुठवर आलं?" याचा हिशेब नाशिककर दुतोंड्या मारुतीवरून करतात आणि या घंटेवरून करतात. आता गंमत बघा. देऊळ बांधलं १७४७ साली आणि घंटा आहे १७२१ ची. म्हणजे घंटा देवळापेक्षा सव्वीस वर्षांनी थोरली!

कारण ती देवळासाठी ओतलेलीच नव्हती. ती चर्चची घंटा. वसईची मोहीम फत्ते झाल्यावर तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठी सरदारांनी विजयाची खूण म्हणून आणल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांत बांधल्या, त्यांतली ही एक. भीमाशंकरला एक आहे. वाईजवळ मेणवलीला, नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेच्या घाटावर एक आहे, ती १७०७ ची. त्या घंटेवर बाळ येशूला घेतलेली मरियामाता आहे. येणारे-जाणारे भाविक ती वाजवतात, हात जोडतात आणि पुढे जातात. त्या माउलीचं कुणाचं काही भांडण नसावं.

मी नगर जिल्ह्यातली. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण आमच्या तोंडी नगरच बसलंय.) घर पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती. त्यामुळे या घंटांची गोष्ट मला जरा जास्तच जवळची वाटते. "आमची घंटा तुमच्या देवळात" असं म्हणून रागवावं, की "चला, वाजते तर आहे" म्हणून समाधान मानावं? या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता बरंच वाचन झालं. त्यातलंच थोडंसं आज सांगते. लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी वसई. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे आणि साष्टी घेतली, आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला जिंकला. वेढा फार रक्ताचा झाला, दोन्हीकडची माणसं हजारांनी पडली. पोर्तुगीज फौज आपली शस्त्रं घेऊन, मानाने किल्ल्याबाहेर पडली. तह झाला, त्यात एक कलम देवळांचं होतं. पाच चर्च ख्रिस्ती लोकांकडे राहतील असं ठरलं. तीन वसई शहरात, एक आसपासच्या मुलखात, एक साष्टीत. बाकीची ओस पडली. काही पाडली गेली, काहींचं छप्पर पावसाने खाल्लं, काहींचे दगड लोकांनी नेले. आज किल्ल्यात फिरताना जी उंच उंच, छप्पर नसलेली भिंताडं दिसतात, ती हीच.

पोर्तुगीज गेले आणि त्यांचे बहुतेक पाद्रीही गेले. मागे राहिले ते इथलेच लोक... भातशेती, केळी आणि पानवेली करणारे, मासे मारणारे, मराठीची आपापली बोली बोलणारे. राजा गेला होता, देवळं पडली होती, आणि त्या काळी राजाचा धर्म गेला की प्रजेचाही जातो असाच सगळ्यांचा समज. त्यांनी काय करावं? कुणी बंड केलं नाही, कुणी गाव सोडून पळालं नाही. गोव्याकडून आलेल्या देशी पाद्र्यांच्या आधाराने रविवार पाळत राहिले. आज वसईत गेलात तर गावोगाव चर्च आहेत आणि तिथली म्हातारी माणसं अजूनही चर्चला 'देऊळ' म्हणतात. किल्ल्यातल्या पडक्या चर्चमध्ये संत गोन्सालो गार्सियाचा सण साजरा होतो. हा वसईचाच मुलगा, १५९७ साली जपानात नागासाकीला क्रूसावर मारला गेला आणि १८६२ मध्ये रोमने त्याला संतपद दिलं. वर उघडं आभाळ, भिंतीच्या फटीतून उगवलेले पिंपळ आणि खाली चाललेली मिस्सा. ज्यांनी ते पाहिलं असेल त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

पण मंडळी, गोष्ट इथून सुरू केली तर ती अर्धीच होते. आमच्यातले बरेच जण ती इथूनच सुरू करतात, म्हणून मुद्दाम सांगते. चिमाजी अप्पा वसईवर चालून आले ते उगाच नाही. पोर्तुगीज अमलात हिंदूंवर धर्माचा जाच होता, आणि मालाडच्या अंताजी रघुनाथ कावळ्यांसारख्या माणसांनी पेशव्यांना साद घातली होती. त्याच्याही मागे जायचं तर गोव्यात जावं लागतं. तिथे १५६० नंतर साष्टी आणि बारदेशातली देवळं सरसकट पाडली गेली. पाडणाऱ्यांच्या हातात क्रूस होता. हे आपल्याला आवडो न आवडो, इतिहास आहे.

आणि त्या वेळी तिथल्या भक्तांनी काय केलं? कुठ्ठाळीचा मंगेश घ्या. देऊळ आता वाचत नाही असं दिसल्यावर लोकांनी १५६० मध्ये देव उचलला, झुआरीपलीकडे नेला आणि पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेर प्रियोळला बसवला. आज आपण जिथे गाडी लावून मंगेशीचं दर्शन घेतो ती ही जागा. असे कितीतरी देव त्या काळात नदी ओलांडून फोंड्याच्या बाजूला गेले. घर गेलं, शेत गेलं, पण देव सोडला नाही. योगायोग असा की ज्या १७३९ मध्ये वसई पडली, त्याच साली पेशव्यांनी मंगेशी हे गाव देवस्थानाला दान दिलं. पुढे १७६३ नंतर फोंडा महाल पोर्तुगीजांकडे गेला, पण तोवर त्यांचा जुना आवेश ओसरला होता. मंगेशी तशीच राहिली.

म्हणजे एका बाजूला कुठ्ठाळीहून निघालेले मंगेशाचे भक्त, दुसऱ्या बाजूला वसईत मागे राहिलेले ख्रिस्ती. दोघांना एकमेकांची माहिती नव्हती, आणि असती तरी त्यांनी एकमेकांना शत्रूच म्हटलं असतं. पण देवाचं घर मोडल्यावर दोघंही वागले जवळपास सारखेच. मोडलेल्याच्या नावाने रडत बसले नाहीत, आणि देव मोडलाय असंही त्यांनी मानलं नाही. मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

आता मुंबई. वांद्र्याच्या टेकडीवरची मोत माउली आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. मराठ्यांच्या त्या मोहिमेतच तिचं जुनं देऊळ गेलं. परंपरा सांगते की माउलीची मूर्ती समुद्रात पडली आणि पुढे एका कोळ्याच्या जाळ्यात आली. देवळातलं माउलीचं चित्र खाडीपलीकडे, इंग्रजांच्या हद्दीतल्या माहीमच्या सेंट मायकल चर्चने १७३९ पासून १७६१ पर्यंत सांभाळलं. दरम्यान टेकडीवर पुन्हा देऊळ उभं राहिलं. आजची इमारत १९०४ ची. सप्टेंबरच्या जत्रेला मेणबत्ती घेऊन चढणाऱ्यांत ख्रिस्ती किती आणि इतर किती, हे मोजायच्या भानगडीत तिथे कुणी पडत नाही. चित्र सांभाळायला ओलांडावी लागली त्या खाडीवर पुढे रस्ता झाला तो लेडी जमशेटजींच्या, म्हणजे एका पारशी बाईच्या, १,५७,००० रुपयांच्या देणगीतून. माहीम आणि वांद्रे १८४५ मध्ये जोडले गेले. इतिहासात मोडणाऱ्यांची नावं मोठ्या अक्षरात असतात, म्हणून जोडणाऱ्यांचीही मध्ये मध्ये घ्यावीत.

हे माहीमचं चर्च म्हणजेच बुधवारच्या नोव्हेनाचं चर्च. १९४८ पासून दर बुधवारी ही प्रार्थना चालते आणि तिलाही सगळ्या धर्माचे लोक येतात. बाहेर मेणाची घरं, मेणाचे हात-पाय, मेणाची बाळं विकायला असतात. ज्याला जे हवं ते तो माउलीपुढे ठेवतो.

७ जानेवारी २०२३, शनिवार. त्या सकाळी कुणीतरी या चर्चच्या दफनभूमीत शिरलं आणि कबरींवरचे अठरा क्रूस मोडून गेलं. कॅमेऱ्यात एक तरुण दिसला. पोलिसांनी माग काढला आणि त्याला नवी मुंबईतल्या कळंबोलीतून पकडलं. बातमी दोन दिवस गाजली, मग मागे पडली.

आमच्या घरात मात्र ती मागे पडली नाही, कारण माझी मावशी तिथलीच. माहेर श्रीरामपूरचं, लग्न होऊन माहीमला गेली ती गेलीच. चाळीस वर्षं बुधवार चुकवलेला नाही, आणि काका त्याच दफनभूमीत आहेत. बातमी आल्या आल्या सगळ्यांचे फोन तिला. काकांचा क्रूस शाबूत होता. शेजारच्या रांगेतला मोडला होता. पुण्याचा माझा भाचा (कॉम्प्युटरवाला, वय पंचवीस, रक्त गरम) तिला म्हणाला, "आजी, आपण कायम गप्प का बसतो? मेलेल्या माणसांनापण सोडत नाहीत. आपण इथले नाही का?"

मावशी म्हणाली, "गप्प कुठं बसलो रे? पोलिसात तक्रार दिली, त्यांनी धरला त्याला. आता मी काय करू, लाटणं घेऊन जाऊ?" मग जरा थांबून म्हणाली, "क्रूस म्हणजे काय बाबा, त्याच्यावर जे व्हायचं ते एकदाच होऊन गेलंय. त्याच्यापेक्षा वाईट कोण काय करणार."

चार दिवसांनी बुधवार आला आणि ती नेहमीसारखी नोव्हेनाला गेली. जाताना दोन मेणबत्त्या जास्त घेतल्या. एक शेजारच्या कबरीसाठी, कारण त्या घरचं कुणी मुंबईत नाही. दुसरी कुणासाठी, ते तिने भाच्याला सांगितलं. त्या पकडलेल्या पोरासाठी. "त्याचीपण आई असंल ना कुठंतरी."

भाच्याला हे पटलं नाही. त्याला ते दुबळेपण वाटलं. त्याचा प्रश्न खोटा नाही, आणि "क्षमा करावी" असं एका वाक्यात सांगून त्याला गप्प करणं मला बरोबर वाटत नाही. ज्याची गोष्ट मोडली जाते त्याला राग येणारच. शिवाय क्षमेच्या नावाखाली अन्याय झाकून टाकणं ही काही भक्ती नव्हे. पण मावशीच्या बोलण्यात एक गोष्ट होती, ती त्याच्या ध्यानात आली नाही. तक्रार पोलिसात आणि मेणबत्ती माउलीपुढे, या दोन वेगळ्या खिडक्या आहेत. एकीवरचं काम दुसरीवर होत नाही.

ग्लॅडिस स्टेन्स यांनी हेच केलं. २२ जानेवारी १९९९ ची ती रात्र आठवत असेल. ओडिशातल्या मनोहरपूर गावात त्यांचे पती ग्रॅहॅम आणि दहा व सहा वर्षांची दोन मुलं, फिलिप आणि तिमोथी, जीपमध्ये झोपलेली असताना जाळली गेली. या बाईंनी जाहीरपणे सांगितलं की मी क्षमा केली आहे, मनात कटुता नाही. म्हणून खटला थांबला का? नाही. कायद्याने आपलं काम केलं, मुख्य आरोपीची जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये कायम केली. आणि बाईंनी आपलं काम केलं. मुलगी एस्तरला घेऊन त्या बारिपदातच राहिल्या, कुष्ठरोग्यांची सेवा चालू ठेवली, पतीच्या नावाने इस्पितळ उभं राहिलं, आणि २००४ मध्ये त्या ऑस्ट्रेलियाला परतल्या. पुढच्या वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली. त्या पाच वर्षांत त्या रोज सकाळी उठून काय मनात आणून कामाला लागत असतील, याचा विचार मी अनेकदा करते. तिथे दुबळेपण मला तरी दिसत नाही.

आता आमच्या नगरकडे येते. नगरला अमेरिकन मराठी मिशन आलं १८३१ मध्ये. 'ज्ञानोदय' निघाला १८४२ मध्ये, तोही नगरहूनच. सिंथिया फरार बाईंच्या मुलींच्या शाळा इथेच, आणि सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचे धडे घेतले तेही याच बाईंकडे. हे सगळं आपण अभिमानाने सांगतो. पण नगरच्या मंडळीत जे आले, त्यांच्या वाट्याला मोडतोड किती आली याची गणती कुठे नाही. कारण मोडली ती घरं होती, आणि घर मोडल्याचा पंचनामा होत नसतो.

नारायण वामन टिळकांचंच घ्या. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि संसार उभा फाटला. लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांत राहिल्या, जवळजवळ पाच वर्षं नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे. लोक काय काय बोलले असतील ते सांगायला नको. मग त्या नगरला आल्या, तरी सुरुवातीला सोवळं सोडलं नाही. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. टिळकांनी बळजबरी केली नाही. १९०० मध्ये राहुरीला लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' वाचताना आपण हसतो फार, पण ते हसू केवढ्या पडझडीवर उभं आहे हे पुस्तक मिटल्यावर जाणवतं.

आणि या माणसाने आपल्यावर रुसलेल्या समाजाला उत्तर काय दिलं? त्याने अभंग लिहिले. तोवर आमच्या उपासनेत विलायती चालींचा बराच भरणा होता. कृष्णराव रत्नाजी सांगळ्यांसारख्यांनी कीर्तनाची वाट पाडली होती, ती टिळकांनी हमरस्ता केली. ज्या घरातून बाहेर पडावं लागलं त्या घरचे टाळ, ओवी, अभंग, कीर्तन हे सगळं त्यांनी प्रेमाने उचललं आणि चर्चमध्ये आणून ठेवलं. टिळकांचं नि लक्ष्मीबाईंचं तरुणपण नाशिकच्या पंचक्रोशीतलं, म्हणजे नारोशंकराची ती वसईची घंटा त्यांच्या कानावरून गेली असणारच असं मला आपलं वाटतं. चर्चची घंटा लढाईने देवळात गेली. अभंग मात्र कुणी जिंकून चर्चमध्ये आणला नाही. तो एका माणसाच्या मागोमाग आला, कारण त्याला तो सोडवेना.

टिळक १९१९ मध्ये गेले. त्यांचं 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं होतं. ते पुरं केलं लक्ष्मीबाईंनी, ज्यांनी एके काळी याच धर्मापायी डोळ्यांचं पाणी केलं होतं. इतक्या मोडतोडीनंतर हे असं जुळणं, याला काय म्हणावं? मला तर शब्द सुचत नाही.

हरेगावला मतमाउलीची यात्रा १९४९ च्या सुमारास सुरू झाली. साखर कारखान्याचं गाव ते. सप्टेंबरमध्ये तिथे लाखांनी लोक येतात, पायी दिंड्या येतात, आणि दिंडी म्हटलं की टाळ-मृदंग आलेच. परका माणूस लांबून पाहील तर पंढरीची वाट म्हणेल. भाच्याने विचारलं होतं ना, "आपण इथले नाही का?" त्याला मी त्या यात्रेला न्यायचं म्हणते. वादाने हे पटत नाही. एकदा त्या गर्दीत चिखलातून चाललं पाहिजे, पोळीभाजीची पुरचुंडी घेऊन बसलेल्या बायांकडून चटणी मागून खाल्ली पाहिजे.

आणि शेवटी जिल्ह्याच्या नव्या नावाबद्दल. २०२४ मध्ये नगरचं अहिल्यानगर झालं. नावं बदलण्यावरून वाद होतात, मी त्यात पडत नाही. पण ज्यांचं नाव दिलं त्या बाईंकडे या विषयाच्या बाजूने एकदा पाहा. अहिल्याबाई आमच्याच जामखेड तालुक्यातल्या चोंडीच्या, जन्म १७२५. नवरा १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात गेला, एकुलता एक मुलगा १७६७ मध्ये गेला. हाती सत्ता होती, फौज होती. काशीचं विश्वेश्वराचं देऊळ १६६९ मध्ये पाडलं गेलं होतं. बाईंनी काय केलं? १७८० मध्ये त्या जागेच्या शेजारी नवं देऊळ बांधलं. सोमनाथलाही तेच. जुन्या भग्न देवळापासून थोड्या अंतरावर १७८३ मध्ये नवं बांधलं आणि पूजा सुरू करून दिली. दुसऱ्याचं काही पाडलं नाही. मोडलेल्याच्या शेजारी उभं केलं आणि दिवा लावला.

चोंडीची अहिल्याबाई, कुठ्ठाळीचे भक्त, वसईचे शेतकरी, बारिपदाच्या ग्लॅडिसबाई... यांचे देव वेगळे, भाषा वेगळ्या, शतकं वेगळी. आणि त्यांच्या रांगेत दोन जास्तीच्या मेणबत्त्या घेऊन उभी असलेली माझी मावशी. तिला हे सांगितलं तर म्हणेल, "काहीतरीच तुझं."

असो. सांगता सांगता बरंच लांबलं. माहीमला त्या दफनभूमीत ज्यांचं कुणी असेल, त्यांनी पुढच्या बुधवारी शेजारच्या कबरीकडेही बघावं. आणि श्रीरामपूर-राहुरीकडच्या नातेवाइकांनो, सप्टेंबरात भाच्याला घेऊन येतेय. भाकरी जास्तीच्या टाका.